हप्ता फिटायच्या आत नवी पिढी

दिवाळी उरकली, तुळशीचं लग्न लागलं, की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न यायला लागतो. "दादा, आता कार्ड घेऊ का नवीन येईपर्यंत थांबू?" विचारणारी पोरं शेवगावची, पाथर्डीची, राहुरीची, श्रीगोंद्याची. कुणी लग्नाचं शूटिंग करतं, कुणी फक्त मिक्सिंग. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. पोस्ट मोठी आहे, पण प्रश्न खिशाचा आहे, तेव्हा शेवटपर्यंत वाचा.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. लग्नात चार कॅमेरे आणि एक ड्रोन फिरतो. ते सगळं शूटिंग कॉम्प्युटरवर लावून, कापून, रंग सुधारून, गाणी टाकून तुमच्या हातात पेनड्राइव्ह येतो, त्या कामाला आम्ही मिक्सिंग म्हणतो. हे जड काम ज्याच्या जोरावर होतं ते ग्राफिक्स कार्ड. गेम खेळणाऱ्यांसाठी बनतं, पण नगर जिल्ह्यात ते जास्त करून लग्नाच्या व्हिडिओवर राबतं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, तोंडात अजून नगरच येतं, समजून घ्या. मी २००७ पासून सावेडीत मिक्सिंग करतो. छोट्या डीव्ही कॅसेटचा आणि कॅनोपसच्या कार्डांचा जमाना पाहिलेला माणूस आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. मध्यम किमतीच्या कार्डांची नवी पिढी दर दोन वर्षांनी आणायची काही गरज नाही. तीन-चार वर्षांनी आणा, पण आणाल तेव्हा वापरणाऱ्याला लागणारी एखादी नवी गोष्ट त्यात असू द्या, आणि जुन्याला वाऱ्यावर सोडू नका. हे का म्हणतो, ते आता तारखांनिशी मांडतो.

आपल्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते एनव्हिडियाचं "साठ" नंबरचं कार्ड. फार महाग नाही, फार हलकं नाही. जीटीएक्स १०६० आलं जुलै २०१६ मध्ये. आरटीएक्स २०६० जानेवारी २०१९ मध्ये. ३०६० फेब्रुवारी २०२१ मध्ये. ४०६० जून २०२३ मध्ये. ५०६० मे २०२५ मध्ये. अंतर मोजा. पहिलं तीस महिन्यांचं, नंतर पंचवीस, अठ्ठावीस, तेवीस.

आता आपल्या पोरांचा हप्ता किती महिन्यांचा असतो? चोवीस. पतसंस्थेतून घ्या नाहीतर फायनान्सवर घ्या, कॉम्प्युटरला दोन वर्षांच्या वर सहसा कुणी मुदत देत नाही. म्हणजे शेवटचा हप्ता फिटतो त्याच सुमारास बाजारात नवा नंबर येतो. आणि नवा नंबर आला की गिऱ्हाईक विचारतं, "तुमच्याकडे कोणतं कार्ड आहे?" हे मी रंगवून सांगत नाही. नवरदेव स्वतः गेम खेळणारा असतो, त्याला सगळे नंबर पाठ असतात. शेजारच्या लॅबमध्ये ५०६० आहे आणि तुमच्याकडे ३०६०, एवढ्यावर घासाघीस सुरू होते. व्हिडिओ दोन्हीकडे सारखाच होणार असतो.

बरं, दर दोन वर्षांनी नवं आलं त्यात मिळालं काय? मेमरी बघा. १०६० ला सहा जीबी (तीन जीबीचंही एक होतं, त्याचं पुढे सांगतो). २०६० ला सहा. ३०६० ला बारा. इथपर्यंत ठीक. मग ४०६० ला किती? आठ. ५०६० ला? आठच. पुढची पिढी आली आणि मेमरी मागे गेली. मेमरीचा रस्ता, ज्याला बस म्हणतात, तोही १९२ बिटांवरून १२८ वर आला. गेममध्ये वेग वाढला हे खरं, चाचण्यांत साधारण पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढलेला दिसतो. पण दाविंची रिझॉल्व्हमध्ये फोर-केची टाइमलाइन लावा, संध्याकाळच्या वरातीतलं शूटिंग घ्या, त्यावर नॉइज रिडक्शन टाका. आठ जीबीचं कार्ड "जीपीयू मेमरी फुल" सांगून हात वर करतं, आणि माझं २०२१ चं बारा जीबीचं कार्ड मुकाट काम करत राहतं.

जाहिरातीत दिसणारा वेगही नीट समजून घ्या. ४० च्या मालिकेपासून कंपनी दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेली फ्रेम घालते, ५० च्या मालिकेत तर एकीच्या जागी तीन घालते. गेममध्ये त्यामुळे चित्र गुळगुळीत दिसतं. पण लग्नाचा तीन तासांचा व्हिडिओ रेंडर करताना त्याचा उपयोग शून्य. आलेखातली उंच काडी बघून कर्ज काढणाऱ्याला हे दुकानदार सांगत नाही.

आता या धंद्यातली सगळ्यात मोठी गोष्ट. २०२० साली सोनीचा ए७ एस थ्री आणि कॅननचा आर६ आला, २०२१ मध्ये सोनीचा ए७ फोर. हे कॅमेरे एच.२६५ मध्ये १०-बिट ४:२:२ चित्रण करतात. म्हणजे रंगाची माहिती जास्त, नवरीच्या शालूचा रंग सुधारताना चित्र फाटत नाही. हळूहळू तालुक्याच्या गावातले फोटोग्राफरसुद्धा हे कॅमेरे घेऊ लागले. पण ही फाईल उलगडायचं काम एनव्हिडियाच्या कार्डातल्या डिकोडरला येतच नव्हतं. ३० ची मालिका २०२० मध्ये आली, त्यात नाही. ४० ची २०२२ मध्ये आली, त्यात नाही. ती सोय आली थेट २०२५ मध्ये, ५० च्या मालिकेत. मधल्या काळात मिक्सिंगवाले काय करत होते? रात्रभर प्रॉक्सी बनवत होते. म्हणजे मूळ फाईलची हलकी नक्कल आधी तयार करायची, मग तिच्यावर कापाकापी.

गंमत अशी की हेच काम इंटेलच्या अकराव्या पिढीपासून प्रोसेसरच्या पोटातली साधी ग्राफिक्स करत होती, वेगळा पैसा न घेता. पण आपल्याकडे पोरांच्या माथी "एफ" अक्षराचा प्रोसेसर मारला जातो, कारण तो थोडा स्वस्त असतो आणि "कार्ड आहेच की" असं सांगितलं जातं. एफ म्हणजे पोटात ग्राफिक्स नसलेला. हजार-दीड हजार वाचवायला जायचं आणि प्रॉक्सीत रात्री घालवायच्या.

याचा अर्थ नीट बघा. पाच वर्षांत दोन पिढ्या आल्या आणि गेल्या, आणि आमच्या धंद्याला जी एक गोष्ट हवी होती ती दोन्हींत नव्हती. ती तिसरीत आली तेव्हा मी मनापासून म्हटलं, हे घेण्यासारखं आहे. नवीन आणू नका, असं माझं म्हणणं नाहीच. घेण्याजोगं काही असेल तेव्हा आणा, एवढंच.

किमतीचं बोलू. १०६० सहा जीबी अमेरिकेत २४९ डॉलरला जाहीर झालं, तेव्हा डॉलर साधारण ६७ रुपयांचा. ५०६० जाहीर झालं २९९ डॉलरला, तेव्हा डॉलर ८५ च्या आसपास. वर १८ टक्के जीएसटी. डॉलरमध्ये वाढ पन्नासची दिसते, आपल्या हातात बिल येतं तेव्हा ती जवळपास दहा हजारांची झालेली असते. लग्नाच्या मिक्सिंगचा दर या नऊ वर्षांत तेवढा वाढला का, हे आपल्या धंद्यातल्या कुणालाही विचारा. उलट आता साखरपुडा, हळद, रील, टीझर सगळं त्याच पॅकेजात मागतात.

२०२१ तर कुणीच विसरणार नाही. लॉकडाऊन, चिपचा तुटवडा आणि वर क्रिप्टोचं मायनिंग. जाहीर किंमत ३२९ डॉलर असलेलं ३०६० आपल्याकडे पन्नास हजारांच्या पुढे गेलं होतं. मी पुण्यातून घेतलं, तर दुकानदार म्हणाला, नुसतं कार्ड मिळणार नाही, सोबत मदरबोर्ड घ्यावा लागेल. नको असलेला मदरबोर्ड घेतला, तो आजही खोक्यात आहे. दुकानाचं नाव घेत नाही, कारण तेव्हा बरीच दुकानं हेच करत होती. मुद्दा असा, की पिढी जाहीर होते त्या दिवशीची किंमत ही आपल्यासाठी कागदावरची असते. माल नगरपर्यंत, सरळ भावात पोहोचेपर्यंत वर्ष जातं. म्हणजे दोन वर्षांच्या पिढीतलं आपल्या वाट्याला येतं एकच.

नावांचा घोळ वेगळाच. १०६० तीन जीबी आणि सहा जीबी, नाव एकच, पण तीनवाल्यात कोअरही कमी. ३०६० चं बारा जीबीवालं चांगलं, मग २०२२ मध्ये त्याच नावानं आठ जीबीवालं आलं, रस्ता अरुंद. आता ५०६० टीआय आठमध्येही आहे आणि सोळामध्येही. शेवगावच्या माझ्या भाच्यानं मागच्या महिन्यात फोन केला, "मामा, ५०६० टीआय फार स्वस्त मिळतंय." मी विचारलं, "जीबी किती?" पलीकडे शांतता. बियाण्याच्या पिशवीवर असा एकाच नावाचा दुहेरी माल निघाला असता तर कृषी सेवा केंद्रासमोर शेतकऱ्यांनी रांग लावली असती, खरेदीची नाही, भांडायची.

बियाण्यावरून आठवलं. आमचं घर राहुरी तालुक्यातलं, रानात ऊस. उसाच्या वाणाकडे बघा म्हणजे "नवीन कधी आणावं" याचं एक शहाणं उत्तर दिसतं. को ८६०३२ हा वाण. को म्हणजे कोईमतूर, ८६ म्हणजे १९८६ सालची निवड. महाराष्ट्रात त्याची शिफारस झाली १९९६ मध्ये, म्हणजे मध्ये दहा वर्षं गेली. आपल्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र आहे, तिथं आणि इतर ठिकाणी वाण लावून बघतात. आडसाली, पूर्वहंगामी, सुरू, आणि मग खोडवा. वजन किती, साखर किती, रोग कोणता येतो, पडतो का, हे सगळं बघून मग शिफारस. पुढे २००७ मध्ये २६५ आला. तो चोपण जमिनीत तग धरतो, वजन देतो, हे शेतकऱ्याला कळलं. उतारा कमी लागतो म्हणून काही कारखान्यांनी नाकं मुरडली, तेही उघड झालं. फायदा-तोटा दोन्ही माहीत करून माणूस बेणं निवडायचा. आणि २६५ आला म्हणून ८६०३२ चं बेणं बंद झालं नाही. आजही रानोरान उभा आहे.

ऊस आणि सिलिकॉन एक नाही, मला कळतं. एकच वाण फार वर्षं धरून बसलं की रोगाचा धोका वाढतो, तसंच चिपचंही आहे. पिढ्या आल्याच नसत्या तर आम्ही अजून कॅसेटवरच असतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी एनव्हिडिया दर सहा महिन्यांनी नवं काढायची आणि तो वेग न झेपलेली थ्रीडीएफएक्स कंपनी २००० च्या डिसेंबरात तिच्याच पदरात पडली. त्या काळी सहा महिन्यांत खरोखर दुप्पट फरक पडायचा, घाईला अर्थ होता. तेव्हा चिप बनवायचं तंत्र दरवेळी बारीक आणि स्वस्त होत होतं. आता ४० ची आणि ५० ची मालिका दोन्ही तैवानच्या टीएसएमसीच्या जवळपास त्याच तंत्रावर बनल्यात. पाया तोच ठेवून वर नवा रंग दिला की जेवढा फरक पडतो तेवढाच पडला.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. नवी पिढी आली की जुनं सेकंडहँडमध्ये उतरतं, आणि गरिबाचा धंदा त्यावर उभा राहतो. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं, त्याच सुमारास ४० ची मालिका आली, आणि जुन्या कार्डांचा बाजारात पूर आला. नगर जिल्ह्यातल्या किती तरी पोरांनी पहिलं बरं कार्ड तेव्हा घेतलं. हे खरंय. पण त्या कार्डाची वॉरंटी बिलावर बघतात का सीरियल नंबरवर, हे प्रत्येक ब्रँडचं वेगळं. पहिल्या मालकाचं बिल नसेल तर बरेचदा हात झटकतात. जुनं कार्ड दुसऱ्याच्या घरी नीट नांदवायची सोय केली, तर वेगानं आलेल्या पिढीचाही राग येणार नाही.

मग हा वेग ठेवतात कुणासाठी? आकडे बोलतात. जानेवारी २०२५ ला संपलेल्या आर्थिक वर्षात एनव्हिडियाची विक्री सुमारे १३० अब्ज डॉलर. त्यातले सुमारे ११५ अब्ज डेटा सेंटरचे, म्हणजे एआयचे. आपली कार्डं ज्या खात्यात येतात त्या गेमिंगचे साधारण ११ अब्ज. रुपयातले नऊ पैसे. कंपनीनं २०२४ मध्ये जाहीर केलं की एआयच्या चिप आता दर वर्षी नव्या येणार. ज्यांच्या गल्ल्यात उरलेला सगळा रुपया आहे त्यांच्या घाईनं गाडी पळते, आपण मागच्या डब्यात. आता मेमरीचंही तेच झालं. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं क्रुशियल हा साध्या ग्राहकांचा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं, कारण माल एआयकडे वळवायचा आहे. रॅमचे भाव कुठे गेलेत ते दुकानात विचारून बघा.

जुन्याला सांभाळण्यात मात्र एनव्हिडियाला एक श्रेय देतो. २०१६ च्या १०६० ला नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंत मिळाले, आणि सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत देणार म्हणतात. नऊ वर्षं हे कमी नाही. याउलट एएमडीनं २०२५ च्या अखेरीस २०२० च्या आरएक्स ६००० मालिकेला निव्वळ देखभालीच्या रांगेत बसवल्याची बातमी आली. जगभर ओरड झाली, मग खुलासा करावा लागला. म्हणजे ओरडून फरक पडतो, हे लक्षात ठेवा.

तर मागण्या चार.

एक, मध्यम किमतीच्या कार्डांची पिढी किमान तीन वर्षं चालवा. मधल्या काळात तेच कार्ड स्वस्त करा.

दोन, नव्या कार्डाची मेमरी त्याच नंबरच्या जुन्यापेक्षा कमी नको. आणि एका नावात एकच माल.

तीन, शेवटचं कार्ड दुकानातून विकलं गेल्यापासून ड्रायव्हरची वर्षं मोजा, पहिलं जाहीर झाल्यापासून नको. आपल्याकडे १०६० तर २०१९ पर्यंत नवंकोरं विकलं जात होतं.

चार, वॉरंटी सीरियल नंबरवर असू द्या, मालक कुणीही असो.

यातली चौथी मागणी आपल्या सरकारच्या हातातली आहे. ग्राहक व्यवहार खात्यानं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी यावर गुण देण्याची शिफारस करणारा अहवाल मे २०२५ मध्ये आला, पण त्यात सुरुवात मोबाईल आणि टॅबपासून आहे. ज्यावर माणूस पोट भरतो ती यंत्रं त्यात कधी येणार? खासदार-आमदारांना रस्त्याचं, पाण्याचं निवेदन देतो तसं हेही द्यायला हवं. या जिल्ह्यात फोटो-व्हिडिओवर पोट असलेली घरं थोडी नाहीत. बंद पडलेल्या कार्डाचा एखादा सुटा भाग मिळत नाही म्हणून पंचवीस हजारांची वस्तू भंगारात किलोवर जाते, हे मी दर महिन्याला बघतो.

आता इनबॉक्सच्या प्रश्नाचं उत्तर. थांबायचं का घ्यायचं, हे नवीन नंबर कधी येतोय यावर ठरवू नका. तुमचं काम आज कुठे अडतंय ते बघा. प्रॉक्सी बनवण्यात रात्र जात असेल तर आधी प्रोसेसर एफ आहे का बघा, कदाचित कार्ड बदलायचीच गरज नाही. "मेमरी फुल" येत असेल तर बारा-सोळा जीबीच्या खाली काही घेऊ नका, मग पिढी जुनी का असेना. कुठेच अडत नसेल तर घेऊच नका. इन्कम टॅक्सच्या हिशोबात कॉम्प्युटरची किंमत दर वर्षी ४० टक्क्यांनी घटते, त्यामुळे "गुंतवणूक आहे" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. ते अवजार आहे. आणि हप्ता चोवीस महिन्यांचा असेल तर कार्ड निदान अठ्ठेचाळीस महिने वापरायच्या तयारीनंच घ्या.

भाच्याला मी हेच सांगितलं. त्यानं सोळा जीबीचं घेतलं, चार हजार जास्त गेले. या सिझनला त्याच्याकडे नऊ लग्नं आहेत. पुढची पिढी येईल तेव्हा येईल, त्याची तयारी २०२९ पर्यंतची आहे.

कार्डासोबत नको असलेला माल ज्यांच्या गळ्यात मारला गेला, किंवा बिल नाही म्हणून ज्यांची वॉरंटी नाकारली गेली, त्यांनी कमेंटमध्ये तालुका, साल आणि काय झालं एवढंच लिहा. दुकानाचं नाव नको, भांडण लावायचं नाहीये. शंभर अनुभव जमले की निवेदन तयार करतो, सह्या मात्र तुम्हाला कराव्या लागतील.